पाच किलोचं काळं मशीन: सिंगर फेदरवेटबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही सहाजणी दर शनिवारी गोधड्या शिवायला एकत्र बसतो. सहापैकी चौघींकडे एकच मशीन आहे: काळं, सोनेरी नक्षीचं, एका हातानं उचलून गाडीत ठेवता येईल असं. भारतातून कुणाची आई किंवा सासू आली की ती आधी ते हातात घेऊन वजन बघते आणि मग प्रश्न सुरू होतात. फोनवर पुण्या-नाशिकहूनही तेच प्रश्न येतात. गेल्या नऊ वर्षांत मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे मशीन नेमकं कोणतं?

सिंगर कंपनीचं मॉडेल २२१, नाव 'फेदरवेट', म्हणजे पिसासारखं हलकं. १९३३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी ते लोकांसमोर आलं आणि १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बनत राहिलं. अमेरिकेतली फेदरवेट न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावच्या कारखान्यात तयार व्हायची. एडिसनहून ते गाव गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे. कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. मराठी माणसांची इतकी दाट वस्ती असलेल्या भागाच्या शेजारी हे मशीन जन्मलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. दुसरा मोठा कारखाना स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला होता. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे.

कल्पना मात्र मुळात सिंगरची नव्हती. क्लीव्हलंडच्या स्टँडर्ड कंपनीनं १९२० च्या दशकाच्या शेवटी 'स्यूहँडी' नावाचं छोटं अॅल्युमिनियमचं मशीन काढलं होतं. फेदरवेटचा आकार बघितला की त्याची थोरली बहीण कोण ते लगेच ओळखू येतं.

इतकं हलकं कसं? आमच्या घरचं मशीन तर दोघांना उचलावं लागायचं.

आपल्या घरची काळी मशीनं ओतीव लोखंडाची. नुसतं डोकंच दहा किलोच्या वर, शिवाय लाकडी पेटी नाहीतर पायाचा सांगाडा. फेदरवेटचं अंग अॅल्युमिनियमचं आहे. सगळं मिळून ११ पौंड, म्हणजे ५ किलो. पण आतले दांडे, दातेरी चाकं आणि हुक (खालचा दोरा गुंफणारा फिरता भाग) पोलादाचेच आहेत. वजन अंगातून कमी केलं, झिजणाऱ्या भागांतून नाही. म्हणून ऐंशी-नव्वद वर्षांचं मशीन आजही स्वच्छ टीप मारतं. डावीकडची पाटी बिजागरीवर वर उचलून दुमडते, त्यामुळे पेटीत ठेवताना ते आणखी लहान होतं.

गोधडी शिवणाऱ्यांनाच याचं एवढं वेड का?

शिंप्याला याचा फार उपयोग नाही. गोधडीवालीला मात्र हवं ते नेमकं यातच आहे, आणि त्याचं कारण टाक्यात आहे.

हे मशीन फक्त सरळ टाका घालतं. सुई डावी-उजवीकडे हलायची नसल्यामुळे खालच्या पत्र्याला सुईपुरतं एकच बारीक गोल भोक असतं. झिगझॅग मशीनला तिथे आडवी फट लागते. अडीच इंची चौकोनाचा किंवा त्रिकोणाचा कोपरा मशीनखाली सरकवला की त्या फटीत सुई कापडच आत ढकलते, कोपरा चघळला जातो आणि उसवत बसावं लागतं. फेदरवेटमध्ये हे जवळपास होत नाही. तुकडे जोडायच्या कामात दिवसभरात असे दीड-दोनशे कोपरे मशीनखालून जातात. तिथे हा फरक हाताला कळतो.

दुसरी गोष्ट शिवणीच्या रुंदीची. तुकड्यांच्या कामात शिवण पाव इंचाची धरतात. समजा एका आडव्या ओळीत वीस शिवणी आहेत आणि प्रत्येक शिवण एक मिलिमीटर जास्त आत गेली. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं मिळून दोन मिलिमीटर कापड जातं, म्हणजे ओळीच्या शेवटी चार सेंटिमीटर कमी. शेजारची ओळ बरोबर असेल तर दोघी जुळणार कशा? फेदरवेटचे दाते कापड सरळ रेषेत ओढतात, सुरुवातीला तिरकं पळू देत नाहीत. पाटीला पट्टी लावून पाव इंच बांधून घेतलं की हात निवांत होतो.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे वजन, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत १९७० च्या दशकात गोधड्यांची पुन्हा लाट आली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या, पुढे १९७६ मध्ये देशाचं द्विशताब्दी वर्ष आलं. गावोगावी वर्ग निघाले आणि वर्गाला मशीन घेऊन जायचं होतं. तोवर अडगळीत पडलेली आईची फेदरवेट बाहेर निघाली. मशीन जड असेल तर बाई मशीनपाशी बसते, आणि मशीन असतं घराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मशीन हलकं असेल तर ते बायका जमतात तिथे जातं. आमच्याकडे गोधडी घालायची ती दुपारी ओसरीवर, चौघींनी चार बाजूंनी. मशीनवर शिवताना ती बैठक मोडते असं मला नेहमी वाटायचं. या पेटीनं ती मला परदेशात परत दिली.

फक्त सरळ टाका? मग काज, झिगझॅग, पिको?

झिगझॅग आणि पिको नाही. काजासाठी सिंगरचं वेगळं जोडयंत्र मिळतं. ते कापडच डावी-उजवीकडे हलवतं आणि काज खरोखर सुंदर होतात. उलटी टीप आहे: टाक्याच्या लांबीचा दांडा वर सरकवला की मशीन मागे शिवतं. लांबी इंचाला ६ टाक्यांपासून ३० टाक्यांपर्यंत. तुकडे जोडायला मी १२ वर ठेवते.

रोजचे ब्लाउज, फॉल-पिको, मुलांचे कपडे हे तुमचं मुख्य काम असेल तर हे मशीन घेऊ नका. निदान एकुलतं एक म्हणून तरी नको.

अख्खी गोधडी यावर शिवता येते का, की फक्त वरचा थर?

वरचा थर, म्हणजे तुकडे जोडणं, हे याचं खरं काम. वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही थर एकत्र धरून टिपा मारायच्या तर सुईच्या उजवीकडे जागा जेमतेम साडेपाच इंच आहे. दुहेरी पलंगाच्या गोधडीची गुंडाळी तिथून जात नाही. बाळाची दुपटी, टेबलावरचे रनर, उशीचे अभ्रे होतात. सरळ रेषांत टिपा मारायच्या असतील तर मधल्या थराला पातळ कापूस घ्या. वेलबुट्टीसारखं मोकळं फिरवत शिवायचं असेल तर २२१ चे दाते खाली जात नाहीत, त्यांच्यावर वेगळी झाकणी बसवावी लागते.

थर जाड असतील तर सुई लढते, मोटर तापते. त्या मोटरशी जबरदस्ती करू नका.

काळं, तपकिरी, पांढरं: कोणतं चांगलं?

शिवण तिन्हींची चांगली. काळं सर्वांत जास्त बनलं आणि त्याचे सुटे भाग सहज मिळतात. पांढऱ्या-हिरवट छटेचं २२१के७ हे १९६० च्या दशकातलं; त्यात काही दातेरी चाकांच्या जागी आत पट्टा आहे, आवाज कमी, आणि दुमडणारी पाटी थोडी आखूड. काळ्या मशीनमध्येही डावीकडच्या चकचकीत पत्र्यावर आधी वेलबुट्टीची नक्षी असे, महायुद्धानंतर तिथे साध्या उभ्या रेघा आल्या. नक्षीचा पत्रा सुंदर दिसतो. टाक्यात काडीचाही फरक नाही.

२२२ म्हणजे काय? त्याची किंमत इतकी का?

२२२के स्कॉटलंडमध्ये १९५० च्या दशकात बनायला लागलं. त्याची पाटी निघते, मग बाही किंवा पायजम्याचा पाय मशीनच्या दांड्यावर चढवून शिवता येतो, आणि दातेही खाली जातात. संख्या कमी, मागणी मोठी, म्हणून भाव २२१ च्या कितीतरी वर. माझ्याकडे नाही आणि मला त्याची उणीव भासत नाही.

माझं मशीन कुठलं आणि साधारण कधीचं, हे कसं कळेल?

मशीन हळूच आडवं करा, खालच्या बाजूला क्रमांक कोरलेला असतो. क्रमांक इंग्रजी 'ए' नं सुरू होत असेल तर एलिझाबेथ, 'ई' नं असेल तर क्लाइडबँक, 'जे' नं असेल तर कॅनडा. अमेरिकी मशीनचा अगदी पहिला गट 'एडी' अक्षरांचा. १९५१ मध्ये कंपनीला शंभर वर्षं झाली. त्या सुमाराच्या मशीनवरच्या बिल्ल्याला निळी कड असते आणि १८५१–१९५१ असं लिहिलेलं असतं. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत घरगुती मशीनं बनवणं थांबलं होतं.

विकत घेताना काय बघायचं?

आधी चाक हातानं आपल्याकडे फिरवून बघा. अडखळलं तरी घाबरू नका, बरेचदा जुनं तेल घट्ट झालेलं असतं आणि दोन दिवस थेंब थेंब तेल दिलं की सुटतं. कुठे खटकन थांबत असेल, धातूवर धातू आपटत असेल तर सोडून द्या.

मग बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ (बॉबिन) बसते ती डबी. तो आहे का, हे नक्की विचारा, कारण मूळचा केस हरवलेला असेल तर नवा घेताना चांगलाच खर्च येतो. आपल्याकडच्या काळ्या मशीनची बॉबिन यात बसत नाही. हिची बॉबिन वेगळी, छोटी. सुई मात्र नेहमीची, एका बाजूनं चपटी, दुकानात एचए×१ म्हणून मिळते तीच.

वायरी बोटांनी वाकवून बघा. रबर तडकलेलं असेल, आतली तार दिसत असेल तर प्लग लावूच नका. वायर बदलणं हे जाणकार माणसाचं काम, दोन-तीन तासांचं. पायाचा कंट्रोलर सोबत आहे का तेही बघा. शक्य असेल तर दोन पदरी सुती कापडावर टीप मारून दाखवायला सांगा आणि तो तुकडा उलटून खालचा दोरा बघा.

अमेरिकेत चालू स्थितीतलं काळं मशीन काही शे डॉलरला मिळतं. घरं रिकामी करताना होणाऱ्या विक्रीत कधी कधी फार स्वस्तात सापडतं, कारण विकणाऱ्याला ते जुनं खेळणं वाटतं. पेटीला कुबट वास येतोच. पेटी उघडी करून ऊन द्या, महिनाभर तरी.

नव्या प्लास्टिकच्या मशीनवरही 'फेदरवेट' लिहिलेलं दिसतं. ते हेच का?

नाही. नाव पुढे वेगळ्या मशीनांनाही दिलं गेलं. मॉडेल क्रमांक २२१ किंवा २२२ हवा.

पण आज हलकी नवी मशीनं मिळतात. मग जुनं कशाला?

मिळतात आणि त्यातली काही छान आहेत. बटण दाबलं की सुई ओवून देणारं मशीन कुणाला हवं असेल तर ते हवं असणं रास्तच आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या बोटांना संधिवात आहे, तिच्यासाठी तेच योग्य.

मी जुनं घेते ते दुरुस्तीसाठी. फेदरवेटचा खालचा ट्रे एक चकती फिरवली की निघतो आणि आतली सगळी हालचाल डोळ्यांसमोर येते: कोणता दांडा कशाला ढकलतो, तेल कुठे हवंय. मी इंजिनिअर नाही. तरी पहिल्या वर्षातच मी पट्टा बदलला, हुक साफ केला, दोऱ्याच्या ताणाची तबकडी उघडून पुन्हा जोडली. छापील सर्किट गेलं म्हणून मशीन फेकलं, असं इथे होत नाही. गांधीजींनी १९२४ मध्ये यंत्रांबद्दल बोलताना सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानलं होतं, त्यामागे प्रेम आहे असं ते म्हणाले होते. मशीन उघडून आत बघितलं की मला ते बोलणं आठवतं.

दोरा सारखा अडकतो. मशीन बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. मी घेतलं तेव्हा पहिले तीन आठवडे माझ्याकडे हेच व्हायचं. मला वाटलं फसवणूक झाली. एका दुरुस्तीवाल्यानं तर नवीन मोटर टाकायला सांगितलं. खरं कारण सुईत होतं. फेदरवेटमध्ये सुईची चपटी बाजू डावीकडे येते आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा असतो. मी आयुष्यभर समोरून मागे ओवत आले होते, हातानं आपोआप तेच केलं.

दुसरं कारण म्हणजे खालच्या बॉबिन केसच्या पायाला असलेलं छोटं बोट. सुईखालचा पत्रा काढून परत बसवताना ते बोट पत्र्याखालच्या खाचेत बसलंच पाहिजे. नाही बसलं तर पहिल्याच टाक्याला सुई मोडते.

आणि शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटांत धरा, पहिले दोन-तीन टाके होईपर्यंत. सोडली तर वरचा दोरा हुकच्या मागे ओढला जातो आणि मशीन जाम होतं. तसं झालंच तर जोर लावू नका. हुकवर तेलाचा थेंब टाका, चाक हलकेच पुढे-मागे करा, धागा बाहेर येतो.

तेल कोणतं? खोबरेल चालेल?

खोबरेल, मोहरीचं, गंज काढायचा फवारा, यातलं काहीही नको. खोबरेल थंडीत गोठतं आणि नंतर चिकट थर बनतो. फक्त शिलाई मशीनचं पातळ तेल. भरपूर शिवणार असाल तर दिवसाच्या शेवटी हुकला एक थेंब. खालच्या ट्रेमध्ये जाड फेल्ट असतं, गळणारं तेल ते पिऊन घेतं. ते तेलानं थबथबलं की बदला.

मोटरच्या बाजूला दोन छोट्या नळ्या दिसतात, त्यांत चुकूनही तेल घालू नका. तिथे ग्रीस लागतं, खास मोटरसाठीचं, आणि तेही थोडं. दातेरी चाकांनाही ग्रीस. तेल आणि ग्रीस यांची अदलाबदल झाल्यानं जितकी मशीनं गेली, तितकी वयानं गेली नसतील.

सोनेरी नक्षी पुसट झालीय. काय लावू?

काही लावू नका. मऊ सुती फडक्यावर शिलाई मशीनचं तेल घेऊन हलक्या हातानं पुसा. स्पिरिट किंवा काच पुसायचं द्रव लावलं तर नक्षीवरचा पारदर्शक थर विरघळतो आणि सोनं रुपेरी होऊन जातं. ते परत येत नाही.

भारतात नेलं तर चालेल का?

चालेल, पण मोटरवरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. अमेरिकी मशीन ११० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसती पिन बदलणारा अडॅप्टर लावला तर काही सेकंदांत मोटर आणि दिवा दोन्ही जळतील. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. मोटर आणि १५ वॉटचा दिवा मिळून शंभर वॉटच्या आसपासच जातात, म्हणून दोनशे वॉटचा ट्रान्सफॉर्मर निवांत पुरतो. ५० आणि ६० हर्ट्झची काळजी नको, ही मोटर दोन्हींवर चालते.

नातेवाईक इंग्लंडमध्ये असतील तर तिथलं क्लाइडबँकचं मशीन आणायला सांगा. त्यातली बरीच आपल्या व्होल्टेजच्या जवळची असतात, ट्रान्सफॉर्मरची भानगड राहत नाही. तरीही पट्टी वाचाच.

काम झालं की प्लग काढायचा. कंट्रोलर जुन्या पद्धतीचा आहे, थोडा कोमट होणं ठीक. त्यावर वस्तू पडली तर मात्र मशीन आपोआप चालू राहील.

विमानात हातातल्या सामानात नेता येतं?

मी दोनदा नेलं आहे. सुया, कात्री आणि तेल चेक-इनच्या बॅगेत. मशीन मूळच्या पेटीऐवजी जाड कापडी पिशवीत, कारण बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ७ किलोची असते आणि पेटीचं वजनही त्यात धरलं जातं. तपासणीला उघडून दाखवायची तयारी ठेवा. मुंबईला तपासणारी मुलगी म्हणाली, "माझ्या आजीकडे असंच होतं, पण मोठं."

फेदरवेट परवडत नाही किंवा मिळत नाही. दुसरं काही?

सिंगर ३०१ बघा. १९५२ मध्ये आलं, अंग अॅल्युमिनियमचंच, वजन सात किलोच्या थोडं वर, वर उचलायला मूठ. सुई तिरकी, वेग जास्त, उजवीकडे जागाही जास्त, आणि बॉबिन फेदरवेटचीच. मोटरला पट्टा नाही, दातेरी चाकांनी चालतं. मोठ्या गोधड्या करणाऱ्या बाईला मी २२१ च्या आधी ३०१ सुचवते.

स्वित्झर्लंडची जुनी हिरवी एल्ना हेही गोड मशीन आहे. १९४० मध्ये जिनिव्हात बनायला लागली, रचना रामोन कासास या स्पॅनिश अभियंत्याची. वेग गुडघ्यानं दाबायच्या दांड्यानं कमी-जास्त होतो आणि पत्र्याची पेटी उघडली की तिचंच टेबल होतं. फक्त आतलं रबरी चाक तपासा; वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यानं त्याला खड्डा पडतो आणि मशीन ठकठक करतं.

आजीची हातानं घातलेली गोधडी विरलीय. ती यावर दुरुस्त होईल?

नको. अनेक लुगड्यांचे थर, वर्षानुवर्षांची धुणी, त्यात घट्ट बसलेला सुती दोरा. सुई त्यात तिरपी होते आणि जीर्ण कापड टिपेच्या रेषेवरच फाटतं.

माझ्या आईनं जसं केलं असतं तसं करा. जुनी गोधडी उसवू नका, तीच आतला थर म्हणून ठेवा. वरचा नवा पदर फेदरवेटवर तुकडे जोडून शिवा, साडीचे काठ वापरणार असाल तर मागे पातळ सुती अस्तर देऊन. खाली मऊ धुतलेली साडी. मग मशीन पेटीत ठेवा, तिन्ही थर जमिनीवर पसरा, कडेपासून सुरुवात करून मोठ्या सुईनं धावदोरा घालत मध्याकडे या. टाके तांदळाच्या दाण्याएवढे. कडेला कुणी बसलं असेल तर तिच्या हातातही सुई द्या, समोरून ती येऊ दे.